पत्ता खालून वाचायचा

पत्ता नेहमी खालून वाचायचा, हे मला त्यांनी शिकवलं. वर नाव असतं आणि नावात आपण अडकतो, असं त्यांचं म्हणणं. खालून वाचत गेलं की आधी पिन, मग जिल्हा, मग पोस्ट, मग गाव, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. "नाव आधी वाचलं का मन जाते बाबू," ते म्हणायचे. "हा आपला, तो परका. खालून येत जाजो. माणसापाशी येतवर हात इमानदार राह्यते."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्यामुळे त्या नावाला एक डाग लागला, आणि तो मी आजवर पुसलेला नाही. ऑफिसात आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, तेच लिहितो.

नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी रेल्वेच्या टपालाच्या डब्यात सॉर्टर म्हणून काढली होती. धावत्या गाडीत उभं राहून पत्रं गावांनुसार निवडायची, लाकडी खणांत टाकायची, गठ्ठे बांधायचे. पुलगाव, धामणगाव, बडनेरा ही त्यांना गावं नव्हती, खण होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकात, कॉलेज संपल्यावर. नोकरीचे अर्ज लवकर जावेत म्हणून मी ते वर्धा स्टेशनवरच्या टपाल खिडकीत नेऊन द्यायचो, आणि त्या काळात त्यांची ड्यूटी तिथे होती. एकदा त्यांनी माझं पाकीट उलटसुलट करून परत सरकवलं.

"मागं तुहा पत्ता नाई."

"अर्जात लिहिला आहे."

"अर्ज आतमंदी आहे. पोचलं नाई त आम्ही फाडून पाहाचं काय? ज्या टपालाले परत याले जागा नाई, ते टपालच नाई."

मागे रांग होती. तिथेच उभं राहून त्यांनी मला प्रेषकाचा पत्ता लिहायला लावला.

पुढे नोकरी काही लागली नाही. दोन हजार सालानंतर मी वर्ध्यात एका गाळ्यात ई-मेल पाठवण्याचं काम सुरू केलं. शिकवणी वर्ग, बियाण्यांचे दुकानदार, शाळा, संस्था यांच्या याद्या घ्यायच्या आणि त्यांच्या वतीने एकगठ्ठा मेल पाठवायची. लोकांना हे समजावता समजावता मी थकून जायचो. एके दिवशी निवृत्त झालेले काकाजी स्वतःच दारात येऊन उभे राहिले. "तू टपालाचं काम करून राह्यला म्हणते. मले ठेव."

मी चेष्टेत म्हटलं, "काकाजी, हे टपाल कागदाचं नाही."

"पण पत्ता राह्यते ना?"

राहतो, म्हटलं. ते दुसऱ्या दिवसापासून यायला लागले.

आले त्याच आठवड्यात त्यांनी चहाच्या पेट्यांच्या फळ्यांतून एक खणांचं कपाट बनवलं आणि भिंतीला टेकवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक खण. पत्ता चुकला किंवा पलीकडच्याने नाकारलं की मेल परत येते, सोबत कारणाची एक ओळ घेऊन. ही परतीची मेल मी त्यांना रोज सकाळी छापून द्यायची, अशी त्यांची अट. ते उभ्यानेच ती वाचत, चुकीचे पत्ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करत आणि कागद खणात टाकत. बसत कधीच नसत. पाय फाकवून, गुडघे जरासे सैल सोडून उभे राहत, जणू खालून गाडी चालली आहे. मालगाडीचा भोंगा दुरून ऐकू आला की आमच्या सिमेंटच्या फरशीवर ते किंचित डोलत.

दिवसाचा गठ्ठा सुतळीने बांधून वर एक चिठ्ठी खोचायची, ही त्यांची दुसरी सवय. डब्यातला नियमच तसा होता. प्रत्येक गठ्ठ्यावर बांधणाऱ्याचं नाव. पुढच्या स्टेशनवर चुकीचं पत्र निघालं, तर चूक कोणाच्या हातची ते कळलं पाहिजे. "चूक होते," ते म्हणत. "बिननावाची चूक होऊ नये."

लग्नाच्या पत्रिकेवर पिन चुकलेला असला तर ते दुरुस्त करून, आत न वाचताच, पत्रिका पाठवणाऱ्यालाच परत करत. त्यामुळे नात्यातली निम्मी लग्नं त्यांना ऐनवेळी कळायची. त्यांच्या सूनबाई एकदा मला म्हणाल्या, "मामंजी पंगतीत बी वाढणाऱ्याले पिन कोड विचारते. तो म्हणते वरण विचारा, काकाजी."

आणि तिसरी सवय, जिच्यापाशी मला यायचं आहे. नोकरीत असताना ते दर महिन्याच्या एक तारखेला स्वतःलाच एक पोस्टकार्ड टाकत. त्यावर एकच शब्द: हजर. कार्ड घरी आलं की टपाल नीट चाललं आहे, असं समजायचं. आमच्याकडे आल्यावर ते रोज सकाळी आमच्या सर्व्हरवरून स्वतःच्या फुकटातल्या मेल खात्यावर तोच शब्द पाठवायला लागले. मग माझ्या कॉम्प्युटरवर खातं उघडायला लावत. 'हजर' आलेला दिसला की मान हलवत आणि खणांकडे वळत.

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. तेव्हा सगळीकडे जुन्या पद्धतीचे पत्ते होते, टिंबांनी तोडलेले चार आकडे. असे पत्ते जगभर मिळून चारशे कोटींच्या आसपास, म्हणजे माणसांपेक्षा कमी. त्यामुळे ते मोजून मिळत. आमच्या सर्व्हरला एकच मिळाला होता आणि आमची सगळी गिऱ्हाइकं त्याच एका पत्त्यावरून मेल पाठवत. मेल घेणाऱ्या मोठ्या कंपन्या त्या पत्त्याची वागणूक पाहतात. तिथून नको असलेली मेल आली की पत्ता काळ्या यादीत जातो, आणि मग त्या पत्त्याच्या आडोशाला राहणाऱ्या सगळ्यांचीच मेल दारातून परत फिरते.

काकाजींना हे समजावायला मला दोन मिनिटं लागली. "म्हणजे बारा बिऱ्हाडं अन् दाराले नंबर एकच," ते म्हणाले. "एकानं चोरी केली का पोलीस बाराही जणाले उठवते."

"तसंच."

"मंग बिऱ्हाड पाहून ठेवजो बाबू."

एक प्लॉटवाले गृहस्थ आले तेव्हा ते खणांपाशी उभे होते. गृहस्थांनी टेबलावर एक सीडी ठेवली. त्यात हजारो लोकांचे ई-मेल पत्ते होते, कुठूनतरी विकत घेतलेले. त्या सगळ्यांना लेआउटची जाहिरात पाठवायची होती.

काकाजी तिथूनच म्हणाले, "ह्या लोकायनं तुमाले पत्ता देल्ला काय?"

गृहस्थ हसले. "पत्ता कोणी देते काय काकाजी? भेटते. लग्नाची पत्रिका वाटाच्या आधी विचारता काय?"

"पत्रिका वळखीच्याले देते. अनवळखी माणसाच्या घरात जे फेकते, त्याले गोटा म्हणते."

गृहस्थ गेल्यावर मी काकाजींना शब्द दिला की ही सीडी चालवणार नाही. तो देताना मी खोटं बोलत नव्हतो. पण ते गिऱ्हाईक मोठं होतं, नागपूरपर्यंत त्याची ओळख होती, आणि मला वर्ध्याच्या त्या गाळ्यातून बाहेर पडायची घाई झाली होती. दोन दिवसांनी काकाजी दुपारी मोतीबिंदूची तपासणी करायला सेवाग्रामला गेले. ते ऑटोत बसले आणि मी सीडी घातली.

संध्याकाळच्या आत मेल परत यायला लागली. शेकडो. फुकट मेल खाती देणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या काळ्या यादीत आमचा पत्ता गेला होता, आणि काकाजींचं खातंही तिथलंच होतं. यादीतून नाव काढा म्हणून मी अर्ज केला आणि दुसरं एक काम केलं. परतीची सगळी मेल छपाईकडे न जाता एका वेगळ्या फोल्डरमध्ये पडेल, अशी सोय केली. मी ती वाचली नाही. वाचली असती तर कळलं असतं की तिच्यात फक्त प्लॉटची मेल नाही. मला एवढंच हवं होतं, की ती काकाजींच्या नजरेला पडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "बाबू, माहा हजर नाई आला."

"लाइन स्लो आहे काकाजी."

"बरं."

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. "आज बी नाई आला. अन् परत बी नाई आला. पोचलं नाई, परतलं नाई, असं टपाल राह्यतेच नाई."

"स्लो आहे म्हटलं ना," मी म्हणालो. स्वर चढला होता. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि रिकाम्या खणांसमोर जाऊन पाय फाकवून उभे राहिले. त्या दिवशी त्यांना वाचायला एकही कागद नव्हता. चौथ्या दिवशीही तेच.

पाचव्या दिवशी एका नर्सिंग शाळेतून फोन आला. जिल्ह्यातल्या मुलींना त्यांनी त्याच आठवड्यात आमच्यामार्फत मुलाखतीला बोलावलं होतं, त्या वर्षी पहिल्यांदाच ई-मेलने. टपाल बंद करा, मेल करा, असं त्यांच्या मागे लागून मीच सांगितलं होतं. "एकेक कार्ड बी टाकून द्या," असं काकाजी तेव्हा म्हणाले होते आणि मी हसलो होतो. आता नऊ मुलींकडून काहीच उत्तर नव्हतं आणि मुलाखत परवावर आली होती.

फोन ठेवून मी तो फोल्डर उघडला. नऊच्या नऊ पत्रं तिथे होती.

मी काकाजींना सांगितलं की नऊ मेल परत आल्या होत्या आणि त्या आपल्या नजरेतून सुटल्या. 'आपल्या' म्हणालो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, हे त्यांना नुकतंच कळलं होतं. आणि ते त्यांना नुकतंच कळलं आहे, हे मला माहीत होतं.

"छापून दे," ते म्हणाले. "मी नेऊन देतो."

दीड दिवस ते एसटीने फिरले. आष्टी, कारंजा, आर्वी, समुद्रपूर. दूरचं आधी, जवळचं शेवटी. आठ मुलींच्या हातात त्यांनी पत्र ठेवलं आणि त्या आठही जणी मुलाखतीला पोचल्या. नववी देवळी तालुक्यातली. पण तिच्या गावाच्या नावाची जिल्ह्यात दोन गावं होती, आणि फॉर्मवर ना तालुका होता ना पिन. फॉर्म मी बनवला होता. ई-मेल असताना पिन कशाला, असा माझा विचार. खालून वाचणाऱ्या माणसासाठी खाली काही ठेवलंच नव्हतं. ते हिंगणघाटकडच्या दुसऱ्या गावी गेले आणि संध्याकाळी पाय सुजवून परत आले.

सकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवलं आणि देवळीच्या रस्त्याने निघालो. मुलाखत अकराला होती. टायर पंक्चर झालं, पण ते कारण सांगण्यात अर्थ नाही. गावात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.

मुलीच्या वडलांची पिठाची गिरणी होती. ती चालू होती, त्यामुळे आम्ही काय म्हणतो ते त्यांना ऐकू येईना. काकाजींनी कागद पुढे केला. त्यांनी पिठाच्या हाताने तो धरला, तारीख वाचली आणि गिरणी बंद केली.

"आजची होती?" ते म्हणाले.

"व्हय," काकाजी म्हणाले.

मुलगी आतून आली. सतरा-अठरा वर्षांची असेल. कागद वाचून ती रडली नाही. म्हणाली, "मी देवळीले जाऊन रोज पाहून राह्यली होती, काका. कॅफेवाल्याले विचारा. रोज. मी माहा पत्ता चुकीचा लिहिला काय?"

"नाई बेटा. तुहा पत्ता बरोबर आहे."

"मंग काऊन नाई आलं?"

काकाजी सरळ उभे राहिले. "गठ्ठा माह्या हातचा होता," ते म्हणाले. "चूक माही."

त्या अंगणात ती आपली चूक शोधत होती आणि ते आपली चूक सांगत होते. मी स्कूटरचं हँडल धरून उभा होतो. वडील माझ्याकडे वळले. "भाऊ, पोरीले मी एका वर्षाचा शब्द देल्ला होता. यंदा नंबर लागला त शिक, नाई त पाहुणे पाहाचे. आता म्या घरी काय सांगू?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "शाळेत बोलून पाहतो." बोललो. पण जागा भरल्या होत्या, यादी लागली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, असं देवळीच्या कॅफेवाल्याकडून कळलं.

काकाजी दुसऱ्या दिवशी आले ते लाल पेन्सिल टेबलावर ठेवायला. "डोळा गेला का सॉर्टर गेला," म्हणाले. मी त्यांना राहा म्हणालो नाही. कपाट तेवढं राहिलं.

नंतर एकदाच मी त्यांच्या घरी गेलो, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. जुने पत्ते संपत आले आहेत आणि नव्या पद्धतीचे लांब पत्ते येत आहेत, असं मी कुठेतरी वाचलं होतं. विषय काढायला काहीतरी हवं होतं म्हणून एक नमुना छापून नेला. आठ गट, आकडे आणि अक्षरं मिसळलेली. त्यांनी तो हिरव्या पट्टीखालच्या डोळ्याने नाही, दुसऱ्या डोळ्याने वाचला. खालून वाचता येईना म्हणून उजवीकडून वाचला.

"हे किती आहेत?"

"मोजता येणार नाहीत इतके. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा देता येईल. एकाच्या चुकीने दुसऱ्याचं टपाल अडणार नाही."

"बेस झालं." मग कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "पण मंग चोरालेबी रोज नवं घर भेटन. आज इथं गोटा फेकन, उद्या दुसऱ्या नंबरात जाऊन बसन."

"हो. तेच अवघड आहे."

"मंग घराचा नंबर पाहून भागनार नाई. सही पाहा लागन. हे टपाल कोणाचं, ते त्यानं सोता लिहून द्या लागन."

पुढे जगभरच्या कंपन्यांनी नेमकं तेच केलं. नव्या पत्त्यावरून आलेली मेल पाठवणाऱ्याच्या सहीशिवाय त्या दारात उभी करत नाहीत. पण त्या दिवशी मला ते धंद्याबद्दल बोलत आहेत असं वाटलं नाही. त्यांनी कागद घडी करून उशीखाली ठेवला. "तुह्या मनात काही आहे काय बाबू?"

"नाही काकाजी."

"बरं," ते म्हणाले.

ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. माझा धंदा वाढला, गाळ्यातून आम्ही मोठ्या जागेत आलो. खणांचं कपाट माझ्यासोबत फिरत राहिलं. गेल्या महिन्यात आम्ही आमची सगळी पाठवणी नव्या पत्त्यांवर हलवली. मोठ्या सेवा आधीच तिकडे गेल्या होत्या. जुने पत्ते आता दुर्मिळ झाले आहेत, आणि जो मिळतो तो आधी कोणीतरी वापरून बदनाम केलेला असतो. नवीन यंत्रांना जागा करायची म्हणून कपाट भिंतीपासून ओढलं. नर्सिंग शाळेच्या खणामागे, फळी आणि भिंत यांच्यामध्ये, एक गठ्ठा अडकला होता.

सुतळीने बांधलेला, पण आत कोरे कागद. वर काकाजींच्या अक्षरात चिठ्ठी. त्या तीन दिवसांच्या तारखा आणि खाली असं लिहिलेलं:

'परतीचं टपाल शून्य. माझं हजर पोचलं नाही, परतही आलं नाही. विचारलं. उत्तर मिळालं, ते मानून घेतलं. एवढी चूक माझी.'

त्याच्या खाली, 'राहिलेली चूक' असं लिहून पुढे नावासाठी एक रेघ मारली होती. रेघ रिकामी होती.

त्यांना ठाऊक होतं. गिरणीसमोर उभे होते तेव्हाही ठाऊक होतं. आपल्या वाट्याची तेवढी त्यांनी उचलली आणि माझी माझ्यासाठी ठेवली. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं.

मी त्या रेघेवर माझं नाव लिहिलं. मग चिठ्ठीची प्रत काढली, काय झालं होतं ते सगळं दोन पानांत लिहिलं आणि पाकीट घेतलं. पत्ता खालून लिहीत आलो. पिन या वेळी शोधून काढला. जिल्हा वर्धा, तालुका देवळी, पोस्ट, गाव, पिठाची गिरणी. सगळ्यांत वर तिचं नाव लिहायचं होतं आणि लग्नानंतरचं मला माहीत नव्हतं. माहेरचंच लिहिलं. गिरणी अजून चालू आहे की नाही, तेही मला माहीत नाही.

पाकीट उलटं केलं आणि मागे माझा पूर्ण पत्ता लिहिला, नावासकट. पोचलं नाही तर त्याला परत यायला जागा पाहिजे.